हौसाची जेवणाची सुट्टी

लांज्याच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की कातळावर एक काजूचा कारखाना लागतो. हौसा तिथे बी फोडायच्या खात्यात आहे. नवऱ्याची, म्हणजे दादूची, मुंबईतली कँटीनची नोकरी डळमळायला लागली तेव्हा ती कामाला लागली. पुढे ती नोकरी गेलीच. दादू गावी येऊन शेळ्या सांभाळायला लागला, मुलगी शमिका लग्न होऊन चिपळूणला गेली, तरी हौसा त्याच खिडकीखाली त्याच यंत्रावर बसून राहिली. उकडलेली बी पात्यांत धरायची, पायाखालची दांडी दाबायची, टरफल उकललं की आतला गर अख्खा बाहेर काढायचा. काम सोपं आहे. अडचण आहे ती टरफलातल्या तेलाची. ते काळं असतं, चिकट असतं आणि कातडी जाळतं. कंपनी हातमोजे देते, पण हातमोजे घालून बी बोटांत नीट धरता येत नाही. म्हणून हातमोजे खिळ्याला लटकलेले असतात आणि तपासणीला कोणी येणार असलं की घातले जातात. एरवी हाताला खोबरेल चोळायचं, वर चुलीतली राख लावायची आणि बसायचं.

दुपारी घंटा झाली की अर्धा तास जेवणाची सुट्टी. तशी ती कारखान्याच्या करारात लिहिलेलीच होती. पण ते तेल नुसत्या पाण्याने जात नाही. आधी गोडंतेल चोळून ते सोडवायचं, मग साबण, मग पाणी, आणि पुन्हा पहिल्यापासून. एवढं करून नखांतलं राहतंच. हात धुऊन जेवायला बसणाऱ्या बायका डबा उघडून दोन घास खायच्या तोवर पुन्हा घंटा व्हायची. काही जणी घाईघाईने धुवायच्या आणि तशाच जेवायच्या. काही जणी घरी गेल्यावरच जेवायच्या. हौसाने सुरुवातीला चमचा आणून पाहिला. चमचाही त्याच हातात धरायचा. ओठांना फोड आले आणि ते उतरेपर्यंत ती पेज पीत राहिली.

तिची सोय कमळाने केली. कमळा हौसाच्याच वाडीतली, तिच्याच वयाची, आणि कारखान्यात गर निवडायच्या खात्यात. तिथे पांढरी टोपी घालून टेबलाशी बसायचं, अख्खे गर एकीकडे, तुकडे एकीकडे. हात स्वच्छ. पहिल्या पावसाळ्यात कधीतरी कमळा तिच्यासमोर बसली, हौसाच्या डब्यातली भाकरी मोडली, कुळथाच्या पिठीत बुडवली आणि म्हणाली, "आ कर."

"अगो, मी काय तान्ही हाय?"

"आ कर. घंटा होईल."

तेव्हापासून रोज कमळा तिला भरवायची. एक घास हौसाला, एक स्वतःला. पहिले काही दिवस बायका हसल्या, मग त्यांनाही सवय झाली. फोडायच्या खात्यातल्या आणखी दोघीतिघींनी आपापल्या बहिणी, जावा शोधून तसंच सुरू केलं. शेडमागच्या आंब्याखाली दुपारी मोठमोठ्या बायका तोंडं उघडून बसलेल्या दिसत. हौसा हात गुडघ्यांवर उताणे ठेवून बसायची आणि कमळा देईल ते खायची. असं बरीच वर्षं चाललं. कमळाच्या नितेशची शाळा संपली, तो ठाण्याला नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, आणि कमळा भरवत राहिली.

मग त्यांचं बोलणं बंद झालं.

त्याचं असं झालं. कमळाचा नवरा हरिश्चंद्र मुंबईत होता. तो आणि दादू एकेकाळी गाववाल्यांच्या एकाच खोलीत राहायचे. एका गणपतीत तो घरी आला नाही, फोनही लागेना, म्हणून कमळाचा दीर बघायला गेला. परत आला तो मान खाली घालूनच. हरिश्चंद्रने ठाण्यापुढच्या दिव्याला दुसरं घर केलं होतं, आणि ते नवं नव्हतं, चांगलं जुनं होतं. दीर म्हणाला, "वहिनी, दादूदादाला पहिल्यापासून माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचा टेम्पो यायच्या आधी रस्त्यावर कमळाने हौसाला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

हौसाला खोटं बोलता आलं असतं. पण समोर कमळा होती.

"हो," ती म्हणाली.

कमळाने मान हलवली, पदर सारखा केला आणि टेम्पोत जाऊन पुढच्या बाकावर बसली. त्यानंतर ती हौसाशी एक शब्द बोलली नाही.

त्या दिवशी दुपारी हौसा डबा न उघडताच आंब्याखाली बसली. आज उपास, असं तिने मनाशी ठरवलं होतं. तेवढ्यात कमळा आली, समोर बसली, डबा उघडला, भाकरी मोडली आणि घास पुढे केला. "आ कर" म्हणाली नाही, एवढाच फरक. हौसाने तोंड उघडलं. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसायला हात नव्हते, म्हणून ते तसंच गालावरून खाली आलं. कमळाने ते पाहिलं आणि पुढचा घास दिला.

वाडीतल्या कोणीतरी कमळाला विचारलं, की अबोला धरलास तर मग भरवतेस कशाला? ती म्हणाली, "अबोला बोलण्यापुरता असतो. तिला जेवायला हात नायत."

हे जवळजवळ दोन वर्षं चाललं. भरवताना बोलायची गरज पडत नाही. हौसाला पाणी हवं असलं की ती तांब्याकडे बघायची. तिखट लागलं की डोळे मिटायची. सुट्टी एवढी आखूड, की गप्प बसलोय हे जाणवायलाही वेळ मिळायचा नाही.

मग एके दिवशी कारखान्याचा माल घेणाऱ्या कंपनीची एक बाई तपासणीला आली. मुंबईची, हातात टॅबलेट. सगळ्यांनी हातमोजे घातले. ती शेडमध्ये हिंडली, पाण्याची टाकी बघितली, आणि दुपारी शेडमागे गेली तेव्हा तिला आंब्याखाली कमळा हौसाला भरवताना दिसली. ती थोडा वेळ उभी राहिली. मग तिने टॅबलेटवर काहीतरी टिपलं आणि निघून गेली. पुढच्या महिन्यात कारखान्याला पत्र आलं, की आपल्याकडे दिव्यांग महिलेला नोकरी दिली आहे आणि सहकारी तिची इतक्या मायेने काळजी घेतात, याबद्दल अभिनंदन.

कारखान्याचे मॅनेजर सुजय यांनी ते पत्र नोटीस बोर्डावर लावलं. मग त्यांना प्रश्न पडला, की ही दिव्यांग महिला कोण. त्यांनी सुपरवायझरला विचारलं. सुपरवायझर म्हणाला, आपल्याकडे तशी कोणी नाही. मग पत्र काढून ठेवण्यात आलं.

पण तोवर ते राहीने वाचलं होतं आणि भरवण्यामागचं कारण बायकांकडून काढून घेतलं होतं. राही युनियनची. रत्नागिरीहून स्कूटीवर यायची. तीन वर्षांचा करार संपत आला होता आणि नव्या कराराची बोलणी सुरू होती. पगारवाढीचं घोडं अडलंच होतं. राहीने आणखी एक कलम काढलं. जेवणाची सुट्टी घंटेपासून मोजायची, की हात स्वच्छ झाल्यापासून?

सुजयसाहेब माणूस वाईट नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं. "हात धुणं ही वैयक्तिक स्वच्छता आहे. मीही जेवायच्या आधी हात धुतो. त्याचा वेळ मी कंपनीकडे मागतो का?"

राही म्हणाली, "साहेब, तुमच्या हाताला जे लागतं ते तुमचं. यांच्या हाताला लागतं ते तुमच्या मालाचं तेल. ते काढणं हे काम आहे."

"तेल काढणं काम, मग घाम पुसणंही काम?"

यावर दोन बैठका गेल्या. तिसऱ्या बैठकीला राहीने हौसाला बरोबर आणलं. कारण एवढंच, की सगळ्यांत काळे हात तिचे होते. हौसा ऑफिसच्या दारात उभी राहिली. दाराला हात लागू नये म्हणून तिने ते कोपरापासून वर धरले होते, डॉक्टर धरतात तसे.

"हौसाबाई, हात धुवायला कितीसा वेळ लागतो?" साहेबांनी विचारलं.

"धुतले तर कळेल."

"मग धुवा ना. इथेच धुवा."

ऑफिसच्या कोपऱ्यात बेसिन होतं, पांढरं. साहेबांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. हौसाने पिशवीतून गोडंतेल काढलं आणि चोळायला लागली. चहा आला. तिने पहिला साबण लावला. बेसिन काळं झालं. नळ काळा झाला. साहेबांनी चहा संपवला आणि एक फोन केला. हौसाने पुन्हा तेल लावलं. नखांखालचं काढायला तिने केसातली पिन वापरली. भेगांत साबण गेला की ती श्वास आत ओढायची, तेवढाच आवाज होत होता. तिच्या वाटणीच्या चहावर साय धरली. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं, मग ते बघायचं सोडून दिलं आणि तिच्या हातांकडे बघत बसले. शेवटी ती वळली आणि म्हणाली, "झालं. अगदी पांढरे नाय होत, पण जेवता येईल." पुसायला साहेबांचा नॅपकीन होता. तिने तो घेतला नाही, पदराला पुसले.

साहेबांनी शिपायाला बेसिन घासायला सांगितलं. त्याने दुपारपर्यंत घासलं. काळे डाग राहिले ते राहिलेच.

नव्या करारात कलम आलं. फोडायच्या खात्याचं काम जेवणाच्या घंटेआधी थांबेल, हात धुण्याचा वेळ कामाच्या वेळात धरला जाईल, गोडंतेल, साबण आणि गरम पाणी कंपनी देईल, आणि त्यानंतर अर्धा तास जेवणाची व विश्रांतीची अखंड सुट्टी राहील. "अखंड" हा शब्द राहीने घातला होता. पगारवाढ मागितली होती त्याच्या निम्मी मिळाली. सह्या झाल्या, पेढे वाटले गेले.

नव्या कराराच्या पहिल्या दिवशी हौसा धुतलेले हात घेऊन आंब्याखाली आली. कमळा आधीच बसली होती. तिने सवयीने हौसाचा डबा ओढला, झाकण काढलं आणि भाकरीला हात घातला. त्याच वेळी हौसानेही घातला. डब्यात दोन हात एकमेकांना लागले. कमळाने आपला हात बाजूला घेतला, डबा हौसाकडे सरकवला आणि स्वतःचा उघडला.

हौसा इतक्या वर्षांनी कारखान्यात स्वतःच्या हाताने जेवली. भाकरी होती, सुकटीची चटणी होती. जेवण लवकर आटोपलं, कारण आता कोणाच्या हाताची वाट बघायची नव्हती. कमळाचंही आटोपलं. बाकीच्या बायकांनी पाय पसरले. कोणी मोबाईल काढला, कोणी शेजारणीचा अंबाडा सोडून उवा बघायला घेतल्या. घंटेला अजून अवकाश होता.

हौसा आणि कमळा समोरासमोर बसल्या होत्या. जागा ठरलेल्या होत्या, त्या बदलायच्या तर कारण सांगावं लागलं असतं आणि सांगायचं तर बोलावं लागलं असतं. तोंड मोकळं होतं, हात मोकळे होते. हौसाने डबा धुऊन आणला. पुसला. पुन्हा पुसला. कमळा करवंदीच्या जाळीकडे बघत होती. त्या जाळीवर तेव्हा एकही करवंद नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी हौसा घरून वाती वळायला कापूस घेऊन आली. आठवड्याभरात एवढ्या वाती झाल्या की देवळात दिल्या तरी उरल्या. रात्री तिने दादूला सांगितलं, "आधीची सुट्टी बरी होती."

दादू म्हणाला, "मग युनियनला सांग."

शेवटी एका दुपारी हौसाने पाण्याचा घोट घेतला आणि समोर न बघता म्हणाली, "मी सांगणार होते."

कमळाने आपल्या डब्याचं झाकण लावलं.

"खरंच सांगणार होते गो. वाडीत बोलायचं तर कोणीतरी ऐकणार. टेम्पोत सगळ्या असतात. म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत सांगीन. रोज ठरवून यायचे. तू घास द्यायचीस. तो गिळेपर्यंत दुसरा तयार. तेवढ्यात घंटा."

मग कमळाचा आवाज आला, थोडा घोगरा, वापरात नसलेल्या नळासारखा. "एवढी वर्षं घासच गिळत होतीस?"

"तू मोठे भरवायचीस."

पलीकडची एक बाई मोबाईलवरून मान वर करून दोघींकडे बघायला लागली. कमळाने तिच्याकडे बघितलं तशी ती पुन्हा मोबाईलमध्ये गेली.

"कधी कळलं तुला?"

"नितेश दहावीला होता. त्या साली दादू गणपतीला आले तेव्हा बोलले. कोणाला सांगू नको म्हणाले."

"आणि तू ऐकलंस."

"भ्याले. तू घराचं छप्पर बदलत होतीस तेव्हा. खुशीत होतीस."

कमळा मनातल्या मनात काहीतरी जुळवत होती. "नितेश दहावीला," ती म्हणाली. "त्याच साली मी त्याच्या बापाबरोबर गोधडी पाठवली."

"हिरव्या काठाची."

"माझ्या आईची दोन लुगडी होती तिच्यात. मोठी शिवली होती. म्हटलं, नितेशची परीक्षा झाली की मीही जाऊन राहीन महिनाभर. दोघांना पुरायला हवी."

हौसाने पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

"पुरली असणार," कमळा म्हणाली.

घंटा झाली. दोघी उठल्या. उठताना कमळाने गुडघ्यावर हात टेकला. "मला सांगायला हवं होतंस. तोंडात घास असला तरी."

"हो," हौसा म्हणाली.

त्यानंतरच्या सगळ्या सुट्ट्या गोधडीत गेल्या. आईची लुगडी कुठली, ती कोणत्या लग्नात घेतली, टाके घालताना बोट कसं सुजलं होतं. नवऱ्याबद्दल कमळा फारसं बोलायची नाही. बोलायची ती गोधडीबद्दल. शिमगा झाल्यावर एका दुपारी ती म्हणाली, "मी आणायला जातेय. तू येशील?"

"कुठे?"

"दिव्याला."

हौसाने रजा टाकली. दोघी पहाटे निघून रत्नागिरीहून दिव्याची पॅसेंजर धरून गेल्या. जाताना कमळाने पोह्याचे पापड घेतले होते. परक्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणाली. पत्ता नितेशकडून काढला होता. चाळीच्या मजल्यावर दार हरिश्चंद्रने उघडलं. बनियनवर होता, केस पार पांढरे झाले होते.

"तू?" तो म्हणाला.

"गोधडी न्यायला आले," कमळा म्हणाली. "हिरव्या काठाची."

हरिश्चंद्र दारातच उभा राहिला. मग मागे वळून त्याने आत विचारलं, "अगं, ती हिरव्या काठाची कुठे असते?" घरातली वस्तू कुठे असते हे त्याला याही घरात माहीत नव्हतं.

आतून एक बाई आली. चष्मा लावलेली, हाताला पीठ. तिने कमळाला बघितलं, हौसाला बघितलं आणि काही न विचारता आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. ती गोधडी घेऊन आली. घडी नीट होती, मध्ये डांबराच्या गोळ्या होत्या.

"धुतलेली आहे," ती म्हणाली.

"दिसतंय," कमळा म्हणाली. तिने पापड पुढे केले. त्या बाईने ते पीठ नसलेल्या हाताने घेतले. "पाणी देऊ?" असं विचारलं. कमळा म्हणाली, "नको, हिला लांबचा प्रवास आहे," आणि हौसाकडे बोट दाखवलं. प्रवास दोघींचा सारखाच होता.

जिन्यावरून उतरताना कमळाने गोधडी छातीशी धरली होती. खाली आल्यावर ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. हौसाही बसली.

"माझ्याएवढीच आहे गो वयाने," कमळा म्हणाली. "मला वाटायचं तरुण असेल."

"हो."

"पायही सुजलेत तिचे."

मग ती रडली. फार नाही, पण पुरेसं. हौसाने तिला पदर दिला. पदराला कारखान्याचा वास येत होता, तो दोघींच्याही ओळखीचा.

त्या रात्री त्या डोंबिवलीला हौसाच्या भाच्याकडे राहिल्या आणि सकाळी परत आल्या. गोधडी धुऊन धुऊन आटली होती. कमळाला ती आता एकटीलाच पुरते. ती थंडीत तीच घेते.

श्रावण संपताना हरिश्चंद्रचा फोन आला. यंदा गणपतीला येऊ का, असं विचारत होता. कमळाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गणपती तुमच्या बापाच्या घरचा आहे, मी नाय कशी म्हणणार? पडवीत जागा आहे. पांघरूण घेऊन या."

तो आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत नवी चादर आणली होती, तिच्यावरची किमतीची चिठ्ठीही काढली नव्हती. आरतीला उभा राहिला, भजनाला बसला, सुनेच्या हातचं जेवला, पडवीत झोपला आणि विसर्जन झाल्यावर गेला. कमळा त्याच्याशी जरुरीपुरतं बोलली. गणपतीच्या सुट्टीनंतर कारखाना उघडला तेव्हा तिने हे सगळं हौसाला आंब्याखाली सविस्तर सांगितलं. सांगणं एका सुट्टीत संपलं नाही, उरलेलं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

हौसाच्या हातांच्या भेगा थोड्या भरल्यात. अंगठ्याची तेवढी तशीच आहे. सुपरवायझरची अलीकडे तक्रार असते, की या दोघींना घंटा ऐकू येत नाही. राहीने त्यांना तंबी दिली आहे, की पुढच्या कराराच्या वेळी कंपनी हाच मुद्दा काढेल. दोघी हो म्हणाल्या. कमळाच्या सुनेला दिवस गेलेत, सध्या बोलणं त्यावर चालू आहे.